एलिसेओची यंदाची पेटी

दर ऑक्टोबरात कंपन्यांची माणसं माझ्या दुकानात येतात आणि दर ऑक्टोबरात मला दुकानाला कायमचं कुलूप लावावंसं वाटतं. यंदा तर तसं मे महिन्यापासूनच वाटत होतं.

माणसं वाईट नसतात. तरुण असतात, नीट कापलेली दाढी, हातात चामड्याची बॅग. त्या बॅगेतून निघतात लिमिटेड एडिशन सिगारी. कुणाच्या कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून, कुणाचे आजोबा वारले म्हणून, कुणाला नात झाली म्हणून, आणि काहीच झालं नसेल तर चिनी लोकांचं वर्ष बदललं म्हणून. पेटीला आरशासारखं पॉलिश, आत रेशमी फीत, झाकणावर आकडा: नऊ हजारांपैकी चार हजार एकशे बारावी. नऊ हजार पेट्यांना लिमिटेड म्हणायचं असेल तर आमच्या टँपा गावातल्या डासांनाही म्हणायला हरकत नाही. कित्येकदा आतल्या मालापेक्षा पेटीच महाग असते. लोक ती घेतात, सिगारी ओढून टाकतात आणि पेटीत बायका बटणं ठेवतात.

आर्मेनिया अॅव्हेन्यूवर मी बत्तीस वर्षं हे दुकान चालवतोय. या बत्तीस वर्षांत लोकांनी मला एकच प्रश्न विचारला. "बाल्दो, यंदा कुठली घेऊ, आणि कुठली ठेवू?"

घेणं वेगळं आणि ठेवणं वेगळं. मवाळ, गोडसर सिगार आज छान लागते, पण चार वर्षं कपाटात ठेवली की तिची वाळकी काडी होते. ठेवायची ती अंगात रग असलेली. वर्षं जातात तशी तिची रग जिरते आणि ती शहाण्यासारखी बोलायला लागते. पण रग वेगळी आणि कच्चेपणा वेगळा. कंपनीनं घाई करून पान पुरतं मुरायच्या आधीच बांधलं, तर त्या सिगारला गोठ्यासारखा उग्र वास मारतो. ती टाकाऊ नसते. पाच वर्षं देवदाराच्या कपाटात पडून राहिली तर तो वास उडून जातो आणि कधीकधी फार सुंदर सिगार हाती येते. आज पेटवली तर मात्र शिक्षाच. या दोघींतला फरक हाताला कळत नाही, डोळ्याला कळत नाही, फक्त नाकाला कळतो.

आणि माझं नाक मे महिन्यात गेलं.

आठ दिवस ताप आला. ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, कदाचित नाहीही येणार. माझ्या बायकोला, नेरेइदाला, हे कळलं ते काळ्या घेवड्यामुळे. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, घेवडा चुलीवर करपून कोळसा झाला होता, आणि मी त्याच स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो.

"घर जळलं तरी तू शेवटचं पान वाचूनच उठशील," ती ओरडली. मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. खिडक्या उघडल्या, पातेलं बाहेर नेऊन ठेवलं, आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"कधीपासून?"

"तापापासून."

"लोकांना सांग, बाल्दो."

"सांगीन."

"कधी?"

"यंदाच्या लिमिटेड होऊन जाऊ देत."

ती हसली, पण चांगलं हसली नाही. मी तिला म्हटलं, तूच जरा वास घेऊन सांगत जा मला. त्यावर तिनं मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सार एवढंच, की चव्वेचाळीस वर्षं पडद्यांतून जो वास धुऊन काढला, तो आता म्हातारपणी ती मुद्दाम हुंगणार नाही.

मी का लपवलं? पोटासाठी नाही. दुकान नसलं तरी आम्ही उपाशी मरणार नव्हतो. मला लाज वाटत होती. माझे वडील इथल्याच कारखान्यात सिगारी वळायचे, दिवसाला दीडशे, आणि हात असे चालायचे की शेजारचे थांबून बघायचे. माझी बोटं जाड, मला ते कधी जमलं नाही. मला फक्त नाक होतं. वासरात लंगडी गाय शहाणी असं म्हणा हवं तर, पण वेस्ट टँपात मी शहाणा ठरलो तो त्या नाकावर. ते गेल्यावर उरला तो काउंटरमागे बसणारा एकाहत्तर वर्षांचा एक जाडा माणूस. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं की एवढा हिवाळा काढायचा, वर्ष संपलं की वयाचं कारण सांगून दुकान बंद करायचं आणि सुटायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एलिसेओ आला.

एलिसेओ पार्दो माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. तरुणपणी दोन वर्षं तो माझ्या वडिलांच्या शेजारच्या बाकावर सिगारी वळायला बसायचा. मग लग्न झालं आणि तो शाळेची बस चालवायला लागला, ती एकतीस वर्षं चालवली. मला अजून 'पोरा' म्हणतो. निवृत्त झाल्यापासून तो दरवर्षी माझ्याकडून एकच लिमिटेड पेटी घेतो, मी सांगेन ती. चौदा डिसेंबरला, वाढदिवसाला, त्यातली एक ओढतो, आमच्याबरोबर. बाकीच्या ठेवायच्या की वाटून टाकायच्या तेही मीच सांगायचं. असा त्याचा नेम.

यंदा तो दारातून खुर्चीपर्यंत येईतो तीनदा थांबला. काठी मांडीवर आडवी ठेवून म्हणाला, "पोरा, यंदा ठेवायची नको."

"का रे?"

"हृदयाच्या डॉक्टरीणबाईनं मारिसेलाला बाहेर नेऊन सांगितलं." मारिसेला ही त्याची लेक. "दोघींना वाटतं मी बहिरा आहे. बाई म्हणाली, पुढच्या वर्षीच्या वाढदिवसाचा केक आत्ताच सांगून ठेवू नका."

"डॉक्टर काय, काहीही बोलतात."

"बोलू दे. मी काही रडत नाहीये. पुढच्या महिन्यात चौऱ्याऐंशी पुरी होतील, ती काय कमी झाली? पण मला तयार सिगार दे. आज पेटवली की आज गोड लागेल अशी. ठेवायला आता माझ्याकडे वर्षं नाहीत." मग तो जरा पुढे वाकला. "शेवटची आहे, बाल्दो. नीट बघून दे."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तो माझ्या घरचाच होता. मी म्हणालो, "बघतो." आणि त्याला कॉफी करून दिली.

यंदा कंपन्यांनी सात नमुने ठेवले होते. रोज सकाळी एक, अशा आम्ही त्या ओढल्या. आम्ही म्हणजे मी आणि टोटो नुच्चो. टोटो पलीकडच्या गल्लीतला निवृत्त न्हावी, सिसिलीकडच्यांचा, आणि माझ्या दुकानातल्या उजवीकडच्या खुर्चीचा मालक असल्यासारखा तिथे बसणारा. माझा बेत साधा होता. टोटोच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि त्यावरून ओळखायचं. पण टोटोनं आयुष्यभर लोकांचे चेहरे आरशात पाहिले, स्वतःचा कधी वापरलाच नाही. मी विचारायचो, "काय लागतंय?" तो डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "कोको."

पहिल्या दिवशी कोको. दुसऱ्या दिवशी कोको आणि थोडं चामडं. तिसऱ्या दिवशी चामडं आणि थोडा कोको.

"टोटो, तुला कोकोशिवाय काही कळतं का रे?"

"तूच शिकवलंस मला. तू म्हणायचास कोको, मी म्हणायला लागलो. खरं सांगू? मला सगळ्यांचा धूरच लागतो."

मग मी हातांवर आलो. बोटांत फिरवून बघ, कुठे पोकळ लागते का. वरच्या पानाला तेल आहे का. न पेटवता ओढून बघ, हवा किती अडते. राख पांढरी पडते का, बोटभर टिकते का. हे सगळं मला येत होतं. पण असं निवडणं म्हणजे नुसता हात धरून नवरी पसंत करण्यासारखं होतं. रोज संध्याकाळी घरी जाऊन मी थेट जेवायला बसायचो. नेरेइदा जेवण वाढायची, तेही मला गरम आणि थंड एवढंच कळायचं. मला कंटाळा आला होता. सिगारींचा नाही, माझाच.

पाचव्या दिवशी पाच नंबर पेटवली. काळपट, तेलकट, जाडसर. दुसऱ्या झुरक्याचा धूर नाकातून सोडला आणि आत काहीतरी टोचलं.

मी खुर्चीत ताठ बसलो. पुन्हा ओढली, पुन्हा नाकातून सोडली. पुन्हा टोचलं. झणझणलं. डोळ्यांत पाणी आलं. सहा महिने माझ्या नाकात बंद घरासारखी शांतता होती आणि आज कुणीतरी दार वाजवत होतं. मिरी, मी म्हटलं. ही मिरी आहे, ही रग आहे, ही सिगार बोलतेय.

"ही!" मी टोटोला म्हणालो. "टोटो, ही खरी!"

टोटोनं सिगार तोंडापासून लांब धरली होती. "जरा... तिखट नाही का?"

"तिखट? अरे, जिवंत आहे ती!"

त्यानं माझ्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग सिगारकडे पाहिलं. "हो, हो," तो म्हणाला. "आत कोको आहे."

सहा आणि सात मी नावापुरत्या ओढल्या. त्यांत पुन्हा ती शांतताच होती. मी पाच नंबर मागवली. म्हाताऱ्या जिभेला जोरदार काहीतरी लागतं, माझ्या मेलेल्या नाकालाही जी बोलली ती एलिसेओला नक्की बोलेल, असा माझा हिशोब. दहा सिगारींची पेटी त्याच्यासाठी बाजूला काढली आणि त्या रात्री मे महिन्यानंतर पहिल्यांदा मला शांत झोप लागली.

चौदा डिसेंबर रविवारी आला. एलिसेओच्या घरी मारिसेलानं डुक्कर भाजलं होतं, काळा घेवडा आणि भात, लसणातला युका कंद, कोपऱ्यावरच्या बेकरीतला लांबडा पाव. जेवणं दुपारी दोनला आटोपली आणि आम्ही मागच्या जाळीच्या पडवीत येऊन बसलो. एलिसेओनं इस्त्रीचा पांढरा चार खिशांचा शर्ट घातला होता, तो खांद्यांवर आता मोठा व्हायचा. मी पेटी उघडून त्याच्यापुढे धरली. त्यानं स्वतः एक घेतली, टोटोला एक दिली, मला एक दिली. असा रिवाज.

त्यानं सावकाश पेटवली. पहिला झुरका घेतला आणि थांबला.

सिगार तोंडातून काढून तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं. त्याचे डोळे हळूहळू भरून आले.

"पोरा, ही तू निवडलीस?"

"मग काय टोटोनं?"

"माझ्यासाठी? मी दुकानात येऊन जे बोललो ते ऐकून?"

"ते ऐकूनच."

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पुन्हा झुरका घेतला, खोकला, डोळे पुसले, पुन्हा घेतला. बोटं भाजेपर्यंत त्यानं ती सिगार ओढली आणि सबंध वेळ त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. टोटोनं इंचभर ओढली, मग कुत्र्याला खायला घालायचंय म्हणून निघून गेला. मारिसेलानं स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. नेरेइदा खुर्ची उचलून लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसली. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला काहीही कळलं नाही. मी खूश होतो. एलिसेओला रडू येईल अशी सिगार मी त्याला दिली होती. आता दुकान बंद करायला माझी हरकत नव्हती.

परत येताना नेरेइदा गाडी चालवत होती. कोलंबस ड्राइव्हच्या सिग्नलला तिनं गाडी थांबवली. मग समोर बघतच म्हणाली, "बाल्दो, त्या सिगारला मांजराच्या मुताचा वास येत होता."

"काय?"

"मांजराच्या मुताचा. फरशी पुसायच्या औषधाचा. माझ्या नाकाला झिणझिण्या आल्या आणि मी अंगणात होते."

"ती मिरी आहे."

"मिरी मी रोज वापरते."

दिवा हिरवा झाला. मागच्यानं भोंगा वाजवला, तरी ती लगेच निघाली नाही. मला तेव्हा कळलं. पाच नंबरच्या सिगारमध्ये जे टोचत होतं ती रग नव्हती, तो कच्चेपणा होता. नाक मेलं तरी टोचलेलं कळतं, आंधळ्या डोळ्यालाही कांदा झोंबतो तसं. मी त्या टोचण्यालाच वास समजलो होतो. असली गाढवचूक बत्तीस वर्षं नाकावर जगलेला माणूसच करू शकतो. दुसरा कुणी असता तर त्यानं शेजाऱ्याला विचारलं असतं.

"मग एलिसेओनं ती संपवली कशी?"

"तू समोर बसला होतास ना," ती म्हणाली. "हसत."

घरी आल्यावर टोटोला फोन केला. "खरं सांग. त्या दिवशी पाच नंबरला कसला वास होता?"

"मला वाटलं, माझंच चुकतंय. तू कसा चुकशील?"

त्याला मी सगळं सांगितलं. ताप, घेवडा, सगळं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे बघ, आपण दोघं रोज सकाळी नुसताच धूर काढत होतो." आणि फोन ठेवताना म्हणाला, "म्हाताऱ्याला सांग, बाल्दो. त्याची शेवटची होती."

ते मला माहीत होतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, हृदय थकलेल्या माणसानं मला एकच गोष्ट मागितली होती, आणि मी त्याला गोठा दिला होता. माझं मन राखायला त्यानं तो शेवटपर्यंत ओढला. मी त्या रात्री जेवलो नाही.

सकाळी दुकानात गेलो आणि माझ्या स्वतःच्या कप्प्यातून एक जुनी पेटी काढली. अठरा वर्षं ठेवलेली. ती निवडली तेव्हा माझं नाक शाबूत होतं. तिच्यात सात उरल्या होत्या. पिकलेल्या, तयार, आज पेटवली की आज गोड. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं. माझं नाक गेलंय. मी लपवलं. मला माफ कर. ही घे, चल, पुन्हा वाढदिवस करू. एवढीच चार वाक्यं.

एलिसेओ पडवीत बसला होता. पुढ्यात दूध घातलेली कॉफी, तीत तो लोणी लावलेला पाव बुडवून खात होता. मला बघून त्यानं पायानंच खुर्ची पुढे ढकलली.

"एलिसेओ, कालच्या सिगारबद्दल..."

"तू गप बस. आधी मला बोलू दे, नाहीतर मी विसरेन." त्यानं पाव खाली ठेवला. "पहिला झुरका घेतला तेव्हा मला वाटलं, याचं डोकं फिरलं. मी तयार मागितली आणि हा मला तबेला देतोय. पाच वर्षं तरी हवीत हिला, आंधळ्यालाही कळेल. शिवी द्यायला तोंड उघडलं होतं मी."

"द्यायची होतीस."

"गप. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसानं मला आजवर एकही पेटी चुकीची दिलेली नाही. एकही नाही. मग नेमकी आत्ताच कशी देईल? चुकला नाहीये तो. तो मला काहीतरी सांगतोय." त्यानं माझ्याकडे बोट रोखलं. "तू मला म्हणत होतास, गप रे म्हाताऱ्या, कसली शेवटची? ही ठेवायची आहे. म्हणत होतास की नाही?"

मी मांडीवरच्या पेटीचं झाकण दाबून धरलं.

"त्या डॉक्टरणीनं मला वीस मिनिटं मशीन लावून पाहिलं. तू मला तुझ्या बापाच्या बाकापासून पाहतोयस. कुठली सिगार किती टिकेल ते तुला कळतं, मग माणूस कळणार नाही? रडू आलं मला. लेकीसमोर रडलो, लाज सोडून." तो हसला आणि खोकला. "आज सकाळीच मारिसेलाला सांगितलं, डोळ्याचं ऑपरेशन मी रद्द केलं होतं ना, ते परत ठरव. फेब्रुवारीतली तारीख मिळालीय. पाच वर्षं काय मी चाचपडत काढू?"

आतून मारिसेला भांडी घासताना काहीतरी गुणगुणत होती. कितीतरी महिन्यांनी मी त्या घरात गाणं ऐकलं.

मग एलिसेओचं लक्ष माझ्या मांडीकडे गेलं. "आणि ही कसली पेटी?"

"ही... ही तयार आहे."

"तयार?"

"तू मागितली होतीस ना."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, पण त्यातला जीव गेला. त्यानं काठी उगाचच सरळ केली. "का रे? रात्रीत तुला काही वेगळं वाटलं का?"

माझं नाक गेलंय. तीन शब्द. तोंडात तयार होते. ते बोललो असतो तर मी मोकळा झालो असतो, अगदी पुरता मोकळा, आणि त्यानं फेब्रुवारीची तारीख पुन्हा रद्द करून टाकली असती. खोटं बोलायची मला हौस नव्हती. सात महिने खोटं बोलून मी मेटाकुटीला आलो होतो, आणि आज ते खाली ठेवायला आलो होतो.

"तुझ्यासाठी नाही आणली," मी म्हणालो. "टोटोसाठी आहे. त्या न्हाव्याला दम धरवत नाही."

एलिसेओ मोठ्यानं हसला. इतका, की मारिसेला हात पुसत दारात आली. "त्याला कोको लागला का काल?" त्यानं विचारलं. "कुत्र्याला खायला घालायला पळाला गाढव. त्याचं कुत्रं मरून दोन वर्षं झाली."

तो उठला, आत गेला आणि कालची पेटी घेऊन आला. तिच्यात सात राहिल्या होत्या. त्यानं झाकण नीट लावलं आणि ती माझ्या पेटीवर ठेवली.

"तुझ्या कपाटात ठेव. इथे मारिसेला कोरडी करून टाकेल. किती वर्षं ठेवायची?"

"पाच."

"चार नाही का चालणार?"

"पाच. त्याआधी हात लावायचा नाही."

"आणि दुकान असेल ना तुझं? नाहीतर जाशील कुलूप घालून, आणि मी बसेन दाराशी."

"मी कुठे जातोय?" मी म्हणालो.

तो बोटांवर हिशोब करत खुर्चीत बसला. "म्हणजे तेव्हा मी एकोणनव्वद. तू किती?"

"शहात्तर."

"अरे मग पोरच तू. असा थकल्यासारखा काय बसलायस?"

मी दोन्ही पेट्या काखेत मारल्या आणि दुकान उघडायला गेलो.